टाकीवरची बत्ती

नेरूळला आमच्याकडे सूर्य उशिरा येतो.
मध्ये खारघरचा डोंगर आडवा पडलाय ना.
सात वाजून गेले तरी
ट्यूब लावूनच चहा गाळावा लागतो.

म्हणून या पौषात मोकाशींनी टूम काढली:
वर वाडीपाशी कठडा आहे,
तिथून दिसतो म्हणे,
प्रबळगडाच्या खांद्याआडून, बलकासारखा.
मोकाशी आमच्या सोसायटीचे खजिनदार, मी सेक्रेटरी.
सतरा वर्षं एकमेकांच्या सह्या पाहतोय,
सोबत कुठे गेलो नव्हतो.

पाचला निघालो, त्यांच्या स्कूटरवर.
शेवटच्या चढाला मी उतरून चाललो,
स्कूटरनेच तसं सुचवलं.
ओल्या शेणाचा वास, कौलांतून झिरपणारा धूर,
आणि कुठल्याशा घरात
एकाच पट्टीत खोकणारं कुणीतरी.

कठडा म्हणजे सिमेंटचे तीन ओटे.
एकावर बदाम कोरलेला,
त्यातलं एक नाव कुणीतरी मुद्दाम खरवडलेलं.
मोकाशींनी मोबाईल तिकाटण्यावर बसवला,
पूर्वेकडे तोंड केलं
आणि तळोज्याच्या धुराला दोन शिव्या दिल्या.

ती आमच्या आधीपासून बसली होती.
पश्चिमेकडे तोंड करून.
टोपलीत वालाच्या शेंगा, वर ओलं फडकं,
मांडीवर चुंबळ.
मी म्हटलं, बाई, सूर्य तिकडून उगवतो.
"ठाव हाय," ती म्हणाली.
"मी बत्तीची वाट बगते."

कुठली बत्ती?

तिनं बोट केलं.
खाली बेलापूर, त्यापलीकडे दिव्यांची सांडलवंड,
खाडीचा काळा पट्टा,
आणि त्याच्या अलीकडे, उंच,
एक लाल ठिपका. लुकलुक. लुकलुक.
"ती इजली का निघायचं.
तवर वाटंवरचे दगड दिसाया लागत्यात,
बाजारात जागाबी गावते.
सासू माझी चांदणी बगून निघायची.
मला ही बरी. ढगातबी दिसते."

मी डावीकडून इमारती मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
निळी टाकी, तिच्याशेजारी वाकलेला अँटेना.

"दिवाळीच्या आंगं अकरा दिस नव्हती पण.
एक दिस अंधारातच निघाले."
पायाचा घोटा तिनं दाखवला नाही,
नुसता हातानं चोळला.

इतिवृत्त, पान एक्केचाळीस.
टाकीवरील लाल दिवा, दुरुस्ती, रुपये अठराशे पन्नास.
खजिनदारांचा शेरा: तीन कोटेशनं मागवावीत.
त्याखाली माझी सही,
लफ्फेदार, दोन टिंबं देऊन.

मी तिचं नाव विचारलं. धर्मी, म्हणाली. धर्मी खंडवी.
तिनं माझं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही की मी कुठला.
सांगायला तोंड उघडलं होतं,
तेवढ्यात ठिपका लुकलुकला
आणि मग लुकलुकला नाही.

ती उठली. चुंबळ डोक्यावर नीट केली.
"जरा हात लाव," म्हणाली.
टोपली मला वाटली त्याच्या दुप्पट जड निघाली.
तिनं मानेनं ती एकदा तोलली
आणि करवंदीच्या जाळीमागे वळली,
आधी पाय गेले, मग पाठ, मग शेंगा.

मागे मोकाशी ओरडत होते, आला! आला!
अहो, इकडे बघा तरी!
मी बघत होतो.
खाडीकाठी एका काचेनं पेट घेतला,
मग तिच्या खालच्या,
मग एकदम सात-आठ.
आमच्या स्वयंपाकघराची त्यातली कुठली
हे एवढ्या लांबून कळेना.
डोंगराची सावली मात्र अजून बेलापूरवर होती
आणि त्या सावलीतून कुठेतरी
ती उतरत असणार.

परतताना उतारावर मोकाशींनी विचारलं,
दिसला ना नीट? तुम्ही भलतीकडेच तोंड करून.
दिसला, म्हटलं.
मग बराच वेळ फक्त ब्रेकचा आवाज.
मोकाशी, तो आपला टाकीवरचा दिवा...
का, परत गेला की काय?
नाही हो, म्हटलं.
विझला. वेळेवर.